आखाजीची घागर

आमच्या असोद्यात हल्ली उन्हाळ्याच्या दुपारी कुणी कुणाचं नसतं. सकाळचं काम उरकून मजूर घाईघाईने शेतातून परततात, दारं लागतात, कूलर घरघरायला लागतात आणि मग ऊन उतरेपर्यंत गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी लग्न होऊन पहूरहून इथे आले तेव्हा दुपार बायकांची होती. जेवणं आटोपली की सूप, चाळण आणि निवडायची डाळ घेऊन कुणाच्या तरी ओट्यावर जमायचं आणि सासवांच्या झोपेचा अंदाज घेत हळू आवाजात बोलायचं. ऊन तेव्हाही होतं, जळगावकडच्या माणसाला उन्हाचं कौतुक नाही. पण तेव्हा सावलीत बसलं की ते मागे राहायचं. आता ते सावलीतही येतं, घरात येतं, आणि दिवस मावळल्यावरही भिंतीत मुक्काम करतं.

नवरा गेल्यानंतर मी एकटीच आहे. एक मुलगी, ती सुरतेला. शेत आहे, केळी आहे, आणि माझा तापट स्वभाव आहे. एवढ्यावर दिवस जातो. केळी करायची म्हणजे आता पूर्वीसारखं लावलं, पाणी सोडलं आणि घड मोजले असं राहिलेलं नाही. वैशाखाचा वारा पश्चिमेकडून येतो तो पानांच्या चिंध्या करून जातो. म्हणून मी त्या बाजूने शेवरीची दाट ओळ लावली, तिच्या आत हिरवी जाळी उभी केली. कोवळ्या रोपांना पांढऱ्या कापडाची टोपरी घातली. घडांवर पिशव्या चढवल्या, खोडांच्या बुडाशी जुन्या पानांचं अंथरूण केलं. पाणीसुद्धा एकदम द्यायचं नाही, दिवसातून थोडं थोडं, आजाऱ्याला पेज पाजावी तसं. लागवडीचा महिनाही पुढेमागे करून पाहिला. फैजपूरकडचे ओळखीचे शेतकरी बाग बघायला आले तेव्हा म्हणाले, काकू, तुमची केळी राणीसारखी राहते. मी म्हटलं, राहते खरी, पण राणीला मूल म्हणून वाढवणारीला कुणी विचारत नाही की तू जेवलीस का.

विचारणारी एकच होती, माझी जाऊ. आमची दोन घरं शेजारी-शेजारी, मधे परसातली खांद्याएवढी भिंत. दीर माझ्या नवऱ्याच्याही आधी गेले. तिचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला. ती माझ्याहून बरीच मोठी, मी तिला अक्का म्हणते. तिचं माहेर धुळ्याकडचं, शिरपूरच्या पुढे. या घरात सगळा जन्म गेला तरी तिने आपली अहिराणी सोडली नाही. तहसील कार्यालयातल्या साहेबाशीही ती अहिराणीतच बोलायची आणि साहेबाला समजलं नाही तर त्याची कीव करायची.

दर चैत्रात आरोग्य केंद्राची आमच्या गल्लीतली आशाताई घरोघर येते. तरुण सून आहे कुणाची तरी, पायाला भिंगरी. ती मीठ-साखरेच्या पुड्या देते आणि तेच तेच सांगते. दुपारी बाहेर पडू नका, तहान लागायची वाट बघू नका, कुणाला ऊन लागलं तर कपडे ओले करा, वारा घाला, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एका वर्षी ती म्हणाली की तुम्ही दोघी एकट्या राहता, तर रोज भर दुपारी एकमेकींना हाक मारत जा. हाकेला ओ आली नाही तर जाऊन बघा. मी तिला म्हटलं, म्हणजे आम्ही मेलो की नाही ते बघायचं. ती बिचारी लाजली. पण तेव्हापासून आमचा तो नेमच झाला. दुपारी मी परसात यायची, भिंतीवरून ओरडायची, "अक्का!" आणि आतून उत्तर यायचं, "शे आजून!" म्हणजे आहे अजून. मग मी तिला रागवायची. पाणी प्यालीस का, म्हणून. त्या पुड्या डब्यात का भरून ठेवल्यास, पाहुणे येणार आहेत का त्या प्यायला, म्हणून. या उन्हात गच्चीवर कशाला गेली होतीस, म्हणून. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "तू जेवनी का?" त्यानंतर दोघी आपापल्या घरात.

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, ही धाकटी असून थोरलीला किती बोलते. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्या तोंडून तेवढेच काय ते शब्द निघायचे. बाकी मजुरांशी बोलायचं ते पाण्याचं, पाइपचं, पिशव्यांचं. भिंतीपाशी मी बोलायची ते माझं असायचं, मग ते रागाचं का असेना.

आखाजी म्हणजे आमच्या खान्देशाची दिवाळीच. अक्षय्य तृतीया म्हणतात बाकीचे लोक. लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायच्या, भर दुपारी गाणी चालायची. आता सुरतेची माझी लेक म्हणते, आई, आखाजीला पोरांना घेऊन त्या भट्टीत कसं येऊ, दिवाळीला येते. बरोबर आहे तिचं. मीच तिला म्हटलं, येऊ नकोस. गल्लीतल्या निंबाला अजून कुणीतरी झोका बांधतं, पण तो रिकामाच असतो. संध्याकाळी दोन-चार पोरी येतात, मोबाइलवर गाणी लावतात आणि डासांनी हैराण होऊन घरी जातात.

लेकी आल्या नाहीत तरी गेलेली माणसं मात्र यायची राहत नाहीत. आखाजीला पितरांच्या नावाने मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा स्वयंपाक करायचा आणि चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा. त्याला आगारी टाकणं म्हणतात. उन्हाळा कडक, गेलेल्यांना तहान लागत असेल, म्हणून ही घागर. विचार केला तर किती मायेची रीत आहे. पण आमच्या सासूबाईंनी तिला एक शेपूट जोडलं होतं. आगारी पडेपर्यंत त्या पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. गेलेले तहानलेले असताना आपण आधी कसं प्यायचं, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या पोथीत ते लिहिलेलं नाही, गावात दुसरं कुणी पाळतही नाही. सासूबाईंनी पाळलं म्हणून अक्काने पाळलं. मी पहिल्याच वर्षी न्हाणीघरात लपून पाणी प्याले होते आणि नंतर लपायचंही सोडून दिलं.

पूर्वी त्यात धोका नव्हता, कारण घरात माणसं भरपूर होती, बारा हात कामाला लागायचे आणि सकाळीच आगारी पडायची. आगारी पुरुषाने टाकायची, आणि आता ती टाकणारा अक्काचा मुलगा पुण्याहून यायचा.

गेल्या वर्षीची आखाजी. मुलगा पहाटेच निघाला होता, पण वाटेत त्याची गाडी बंद पडली. त्याचा फोन आला तेव्हा मी अक्काकडेच होते. ती म्हणाली, येऊ दे सावकाश. तिचा स्वयंपाक झाला होता, घागर भरून भिंतीशी ठेवली होती. मी तिला म्हटलं, तू पाणी पी, मुलगा येईल तेव्हा येईल. तिने मानेनेच नाही म्हटलं. मी चिडले. म्हटलं, दीर काही तुझ्या घशाला हात लावून बघणार नाहीत. ती हसली आणि म्हणाली, "माले काय व्हनार शे?"

तेवढ्यात शेतातून निरोप आला की ठिबकच्या नळ्या फुटल्या आहेत. रानडुकरं. त्यांनाही आता पाणी कुठे मिळत नाही, रात्री येऊन नळ्या चावतात. सणाचा दिवस, मजूर नाही. आणि त्या उन्हात केळीला एक दिवस पाणी चुकलं की घड उकडून निघतो. मी टॉवेल डोक्याला बांधला, पाण्याची बाटली घेतली आणि गेले. एकेक नळी जोडत बसले. जोडून होईपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. मी स्वतः तीनदा सावलीत बसले, बाटली रिकामी केली. मला हे सगळं नीट कळतं. केळीलाही कळतं, ती पानं मिटून घेते.

घरी आले, हातपाय धुतले आणि परसात जाऊन हाक मारली. ओ आली नाही. मला वाटलं रुसली असेल, सकाळचं बोलणं लागलं असेल. पुन्हा मारली. मग मी मागच्या दाराने तिच्या घरात शिरले. स्वयंपाक झाकलेला होता. घागर भरलेली, वरचं खरबूज जागच्या जागी. अक्का कुठेच नाही. मग मला बिबड्यांची आठवण झाली.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आमच्याकडे त्यांच्याशिवाय वर्ष निघत नाही. ज्वारी भिजवून, कुटून, शिजवून ओल्या फडक्यावर थापायची आणि कडक उन्हात वाळवायची. ऊन जितकं कडक तितका बिबडा चांगला, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. बचत गटाच्या बायका आता काचेच्या बंद पेटीत वाळवतात, स्वतः सावलीत बसून. अक्का म्हणायची, त्याला बिबड्याचा वास येत नाही. आदल्या दिवशी थापलेले बिबडे गच्चीवर होते आणि ते उलटायला ती वर गेली होती. मी जिना चढले ती कठडा धरत, आणि कठडाही हाताला चटका देत होता.

ती टाकीच्या आडोशाला पडली होती. पदर तोंडावर. अंगाला हात लावला तर कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं, घामाचा पत्ता नाही. डोळे अर्धवट उघडे, पण मला ओळखत नव्हती. मी हलवलं तशी पुटपुटली, "पानी नको देऊ. आगारी नही पडनी आजून."

मी टाकीचा नळ उघडला. त्या काळ्या टाकीतलं पाणी माझ्या हातावर पडलं आणि मी हात झटकला, इतकं ते उकळत होतं. खाली धावले. माठ रिकामा होता, नवीन घागर भरायच्या गडबडीत जुना माठ तिने धुऊन पालथा घातला होता. घरात गार पाणी एकाच जागी होतं. मी खरबूज उचलून बाजूला ठेवलं, घागर कमरेवर घेतली आणि जिना चढले. सासऱ्यांची, सासूबाईंची, दिरांची, माझ्या नवऱ्याची, सगळ्यांची घागर. ती मी तिच्या डोक्यापासून पायापर्यंत ओतली. माझ्या मनात तेव्हा पाप-पुण्य काही आलं नाही. एकच आलं, की ही गेली तर मी कुणाला हाक मारू.

मग मी गच्चीवरून ओरडले. माझा आवाज गावाला माहीत आहे, पण त्या दिवशी तो वेगळा असावा, कारण बंद दारं उघडली. शेजारचा पिकअपवाला भाऊ आला, त्याची बायको आली, आणखी दोघी आल्या. एक म्हणाली, तापलेल्या अंगावर गार पाणी नको, बाधेल. दुसरीने कांदा आणला, तळपायाला चोळायला. तिसरी म्हणाली की खोलीत नेऊन दारं-खिडक्या लावा, झळ लागली आहे. त्या सगळ्या मायेने बोलत होत्या. मी त्यांना गप्प बसवलं. आशाताई दरवर्षी जे घोकते ते मी तोंड वाकडं करून ऐकलं होतं, पण ऐकलं होतं. मी म्हटलं, चादरी ओल्या करा, वारा घाला आणि गाडी काढा. चादरीची झोळी करून तिला खाली आणलं. पिकअपमध्ये केळीची पानं अंथरलेली होती, घडांना डाग पडू नयेत म्हणून अंथरतात ती. त्यांच्यावर तिला निजवलं. जळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिच्यावर पाणी शिंपत होते, पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि रागवत होते. एवढा वेळ मी आयुष्यात कुणाला रागवले नसेन. ती ओ देईना म्हणून मी थांबेना.

दवाखान्यात ऊन लागलेल्यांसाठी वेगळी खोली होती, तिथे आधीच चार-पाच माणसं होती. बांधकामावरचा एक मजूर, एक सातपुड्याकडून आलेली बाई, जिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. अक्का दोन रात्री ओळख नसल्यासारखी पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू जेवनी का?" मी बाहेर जाऊन रडले. मी सहसा रडत नाही.

घागरीचं तिला शेजारणींनी सांगितलं. घरी आल्यावर एकदा म्हणाली, "त्यासनं पानी तू मन्हा अंगवर टाकं." मी म्हटलं, ते काही आता तहानेने मरायचे नाहीत. तिला हसू आलं, आणि हसता हसता खोकला.

डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एकदा असं झालं की शरीर पुन्हा तेवढं सोसत नाही. पुढच्या उन्हाळ्यात यांना एकटं ठेवू नका. मुलगा सरळ आहे. तो मला म्हणाला, काकू, मी न्यायला तयार आहे, पण ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकते. तुम्ही सांगा.

मी दोन दिवस घेतले. बागेत गेले, काम नव्हतं तरी गेले. मी तिच्यावर लक्ष ठेवीन असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण मी शेतात असताना काय? आणि मला काही झालं तर भिंतीवरून कोण हाक मारणार, ती? केळीला वारा लागतो म्हणून मी शेवरी लावली, जाळी लावली. माणसाला सोसवत नसेल तर त्याला हलवावं लागतं, एवढं मला कळत होतं. कळत होतं आणि ते मला नको होतं.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी गेले आणि तिला म्हटलं, अक्का, तू पुण्याला जा. तिला वाटलं मी चिडून बोलते आहे. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिने भिंतीवर हात ठेवला. म्हणाली, "तू सांगस म्हनीसन मी जास." एवढंच. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मीही माघार घेतली असती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ती गेली. बिबड्यांचा डबा माझ्याकडे ठेवून गेली. त्या दिवशी वाळत होते तेच बिबडे. पिकअपवाल्याच्या बायकोने गोळा करून ठेवले होते. चांगले वाळले होते, ऊन कडक होतं ना.

यंदा आशाताई आली तेव्हा शेजारच्या कुलपाकडे बघून म्हणाली, काकू, आता तुम्हाला दुपारी कोण हाक मारेल? मी म्हटलं, मला कुणाच्या हाकेची गरज नाही. आता ती जमेल तशी दुपारी चक्कर टाकते, सायकलची घंटी वाजवते. मी आतून ओरडते की आहे मी, जा घरी, ऊन लागेल. चांगली मुलगी आहे. पण तिला पुढे दहा घरं असतात.

आखाजीला मी सकाळी उठून आधी तांब्याभर पाणी प्याले. मग घागर भरली, पोळ्या केल्या आणि आगारी मीच टाकली. बाईने टाकली म्हणून कुणी परत गेलं असेल तर जावो. जेवून बसले आणि सवयीने परसात गेले. भिंतीपलीकडे तिच्या परसातलं गवत वाळून गेलं होतं. किती शांतता असावी माणसाच्या घरात! मला माझाच श्वास ऐकू येत होता आणि तो नकोसा झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का होती. तिला फोन लावता येत नाही, नातवाने लावून दिला होता. म्हणाली, "आठे गंज गार शे, बाई." तिथे खूप गार आहे म्हणे. मग सांगत राहिली. तिची खोली वेगळी आहे, थंड हवेचं यंत्र आहे, सून हातात पेला आणून देते, खिडकी उघडत नाहीत. दहाव्या मजल्यावरून माणसं दिसतात पण ओळखू येत नाहीत. कुणी तिला काही कमी पडू देत नाही. मी हूं हूं करत होते.

"सगळा गोड बोलतस आठे," ती म्हणाली. "तू माले थोडी रागाव ना."

मी तोंड उघडलं. गावभर ज्याची ख्याती आहे तो माझा राग मी शोधत राहिले, आणि तो मला सापडेना. ती तिकडे फोन कानाला लावून वाट बघत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. "पाणी पी, अक्का," एवढंच मला म्हणता आलं, आणि तेही अगदी हळू.